दहाव्या डब्यातला शेवट

१

सोमवारी सकाळी साडेदहाला दहा नंबरचा डबा उघडला आणि आत सिनेमाच नव्हता.

म्हणजे, फिल्म होती. गुंडाळी तेवढीच जाड, वजन तेवढंच, डबाही तोच जुना पत्र्याचा. पण जुन्या फिल्म कॉम्प्युटरवर उतरवणाऱ्या स्कॅनरवालीने हातमोजे चढवून पहिली हातभर पट्टी उजेडासमोर धरली तर ती कोरी. पुढचे दहा हात कोरे. शेवटी तिने सगळी गुंडाळी टेबलावर सोडली. आरपार दिसणारं कोरं प्लॅस्टिक, दुसरं काही नाही.

ती धावत संचालकांच्या खोलीत गेली. दुपारपर्यंत फिल्म संग्रहाच्या तीनही मजल्यांना बातमी कळली होती.

त्या सिनेमाला संग्रहातली माणसं ‘दारवाला सिनेमा’ म्हणत. पन्नास वर्षांपूर्वी तो लागला तेव्हा त्याच्या शेवटी नायिका घराचं दार ओढून घेऊन निघून जायची. लोक रडत बाहेर पडायला लागले. निर्मात्याने आठव्या दिवशी शेवट बदलला, दार परत उघडलं, नवराबायको एक झाले. जिथे जिथे प्रती होत्या, तिथे तिथे शेवट कापून नवा जोडला. मूळ शेवटाची जगात एकच प्रत उरली, ती इथे, दहा डब्यांत. त्यातले पहिले नऊ डबे कुठेही मिळाले असते. दहावा दुसरीकडे कुठेच नव्हता, आणि खराब होईल म्हणून तो इथेही आजवर कोणी उलगडून पाहिला नव्हता.

या महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी तो मूळ शेवटासकट दाखवायचा होता. आमंत्रणं गेली होती. हातात अकरा दिवस होते.

थंड कोठीची किल्ली एकाच माणसाकडे असायची. एकतीस वर्षं कोठी सांभाळणारे ते कोठीवाले. त्यांना सगळे ‘डबेभाऊ’ म्हणत. योगायोग असा की त्याच शुक्रवारी ते निवृत्त होणार होते. दुपारी दोन वाजता संचालकांनी त्यांच्याकडून किल्ली मागून घेतली.

“चौकशी होईपर्यंत घरीच थांबा, डबेभाऊ. माझा नाइलाज आहे.”

डबेभाऊंनी किल्ली टेबलावर ठेवली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा खिसा हलका झाला.

२

“वन्सं, आता तुम्हीच काहीतरी करा. चोर सोडून संन्याशाला फाशी चाललीये.”

डबेभाऊंची बायको मंगळवारी सकाळीच नणंदेच्या दारात उभी राहिली. नणंद म्हणजे अक्का. अक्कांनी त्याच संग्रहात चौतीस वर्षं फिल्म तपासण्याचं काम केलं होतं. डोळ्याला भिंग लावून एकेक चौकट बघायची, कुठे ओरखडा, कुठे फाटलं, कुठे बुरशी, ते लिहून ठेवायचं. सहा वर्षांपूर्वी त्या निवृत्त झाल्या, पण भिंग अजून पर्समध्ये असायचं. भाजीवाल्याच्या तराजूवरचे आकडेही त्या त्यातूनच वाचत.

“तो काय करतोय?” अक्कांनी विचारलं.

“काय करणार? स्वयंपाकघरातले डबे काढलेत सगळे. उंचीप्रमाणे लावतोय. कालपासून तिसऱ्यांदा. बोलत नाही, जेवत नाही. मी म्हटलं, अहो, साखरेचा डबा तरी जागेवर ठेवा. तर म्हणतात, जागेवर ठेवूनच हे दिवस आले.”

अक्का चपला घालून वहिनीबरोबर निघाल्या. डबेभाऊ खरोखरच जमिनीवर डब्यांच्या रांगेत बसले होते.

“काय रे, डाळीची कोठी झाली का थंड?”

“अक्का, थट्टा नको.”

“बरं, नाही करत. रविवारचं सांग. क्रमाने.”

डबेभाऊंनी एक डबा पुसून खाली ठेवला. “रविवारी मुद्दाम गेलो. साडेदहाला कोठीतून दहाही डबे काढले आणि विसाव्याच्या खोलीत मांडले. सोमवारी साडेदहाला उघडायचे, असं स्कॅनरच्या बाईंना लिहून दिलं. अकराला घरी.”

विसाव्याच्या खोलीचं अक्कांना काही सांगायची गरज नव्हती. थंड कोठीतून काढलेला डबा लगेच उघडायचा नाही, हा त्या इमारतीतला पहिला नियम. फ्रीजमधून काढलेल्या तांब्याला जसा बाहेरून घाम सुटतो, तसा थंड फिल्मला सुटतो. ओल धरली की वेढ्याला वेढा चिकटतो आणि सोडवायला गेलं की चित्रच सोलून येतं. म्हणून डबा चोवीस तास बंदच ठेवायचा. हळूहळू तो खोलीच्या उबेला येतो, मग उघडायचा.

“विसाव्याच्या खोलीची किल्ली?”

“ती काय, स्कॅनरच्या खोलीबाहेर खिळ्याला. नेहमीसारखी.”

“म्हणजे किल्ली तुझ्याकडे होती ती कोठीची. आणि डबे होते भलत्याच खोलीत.”

“हे मी साहेबांना सांगितलं गं. ते म्हणाले, नोंदवहीत शेवटची सही तुमची आहे.” डबेभाऊंनी दुसरा डबा पुसायला घेतला. “एकतीस वर्षं, अक्का. मी त्या सिनेमाची एक चौकटसुद्धा पाहिलेली नाही. डबा माझा, फिल्म तुमची, असंच चाललो. आणि आता शेजारचे विचारतात, किती दिवस रजा?”

अक्कांनी भावाच्या पाठीवर हात ठेवला.

“सोमवारी ते दहा डबे टेबलापर्यंत कोणी नेले?”

“मीच. एकेक करून.”

“दहावा हलका लागला?”

“छे! हलका असता तर तिथेच ओरडलो असतो. पावशेराचा फरक मला हाताला कळतो.”

“हे कोणाकोणाला ठाऊक आहे?”

डबेभाऊ जरा चमकून बघायला लागले. “आपल्यातल्या सगळ्यांना.”

३

संचालक एके काळी अक्कांच्याच टेबलावर शिकले होते. वीस वर्षांपूर्वी तपासनीस म्हणून लागलेला, बोटांत जादू असलेला मुलगा. अक्कांनी हाताखालून सात जण तयार केले. सहा जण संग्रह सोडून गेले, सातवा संचालक झाला.

“या ना, अक्का!” ते उठून उभे राहिले. “मला कळतंय तुम्ही का आलात. मला काय आनंद आहे का? तुम्हाला हवं ते बघा. तुमच्यापासून काय लपवायचं?”

अक्कांनी काही बोलायला तोंड उघडलं आणि त्यांना सटकन शिंक आली. मग दुसरी. खोलीत फुलांच्या वासाचा फवारा मारलेला होता आणि दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या.

“सर्दी?”

“नाही रे, वास. इथे अत्तर लावून यायला बंदी होती ना? मी एका पोरीला परत पाठवली होती, केस धुवून ये म्हणून.”

“तपासणीच्या खोलीत बंदी आहे, अक्का. माझ्या खोलीत सगळे पाहुणेच येतात.” ते हसले.

अक्कांनी खोलीवर नजर फिरवली. टेबलावर दारवाल्या सिनेमाची माहितीपत्रिका होती, त्यात संचालकांचा लेख. दाराच्या बाहेर पडताना नायिका मागे वळून बघते की नाही, यावर जाणकारांचं पन्नास वर्षं भांडण चाललं होतं. संचालकांनी छातीठोक लिहिलं होतं: बघते. भिंतीशी काचेचं कपाट होतं. शाळेच्या मुलांना दाखवायला त्यात एक जुना कॅमेरा आणि फिल्मचे तीन रिकामे डबे ठेवलेले असत.

“येते मी,” अक्का म्हणाल्या. “डबा बघते.”

स्कॅनरवाली तिशीतली, चटपटीत आणि आत्ता रडकुंडीला आलेली होती. तिने दहावा डबा पुढे ठेवला.

“अक्का, मी शपथेवर सांगते...”

“शपथ राहू दे. खुर्ची दे.”

अक्कांनी झाकण काढलं आणि आधी नाक खाली नेलं. आंबट वास आला. जुनी फिल्म आजारी पडली की तिला शिरक्यासारखा, व्हिनेगरसारखा वास सुटतो. तो डब्याला अजून होता. म्हणजे मूळ फिल्म परवापरवापर्यंत या डब्यातच होती.

डब्यात एक कागदाची चिठ्ठी होती. ही प्रत्येक डब्यात असते. कोरी असते तेव्हा निळी, आंबट वाफ लागली की हिरवी, आजार वाढला की पिवळी. ही पक्की हिरवी होती. तीही जुनीच.

मग कार्ड. आत काय आहे ते डबेभाऊंनी पेन्सिलीने लिहिलेलं, कारण पेन्सिल कधी पसरत नाही. पण महिन्यापूर्वी नवे क्रमांक देताना प्रत्येक कार्डावर जांभळ्या शाईचा शिक्का मारला होता. अक्कांनी भिंग लावलं. पहिल्या नऊ डब्यांच्या कार्डांवरचे शिक्के रेखीव होते. दहाव्याचा शिक्का पसरला होता. जांभळा रंग कडेने फुलल्यासारखा झाला होता.

अक्कांनी कार्ड बाजूला ठेवलं.

“ही कोरी गुंडाळी तू सोडलीस तेव्हा तिचं टोक कशाने चिकटवलं होतं?”

“चिकटपट्टीने. ती मी ठेवलीये. पोलिसांच्या मालिकेत ठेवतात ना, म्हणून.” स्कॅनरवालीने काचेच्या पट्टीवर डकवलेला बोटभर तुकडा दाखवला.

अक्कांनी तो उजेडात धरला. चिकटपट्टीचं टोक दोनदा दुमडून त्याला छोटा कान केला होता.

अक्कांनी तो पुन्हा भिंगाखाली धरला. मग मागून घेऊन आपल्या पर्समध्ये ठेवला.

४

“तू गुंडाळीचं टोक कशाने बांधतेस?” अक्कांनी विचारलं.

“मी? कागदी पट्ट्याने. मी मशिनवरच शिकले. चिकटपट्टीला आमच्याकडे हातही लावू देत नसत.”

“आणि हे कोरं प्लॅस्टिक?”

“आपलंच. मागच्या वर्षी आलेल्या नव्या मालातलं. फिल्मच्या पुढेमागे जोडायला वापरतो. मधल्या कपाटात असतं, कोणीही घ्यावं.”

“रविवारी तू आली होतीस.”

“साडेअकरा ते एक. मशिन पुसायला. विसाव्याच्या खोलीत पाऊलही ठेवलं नाही.”

“बरं. सोमवारी दहा डबे समोर होते. माणूस एकपासून सुरुवात करतो. तू दहावा आधी का उघडलास?”

स्कॅनरवाली लाजली. “साहेबांनीही बजावलं होतं, एकपासून क्रमाने घ्या, रोज तीन, घाई करू नका म्हणून. पण अक्का, पन्नास वर्षांत कोणी न पाहिलेला शेवट! मला राहवेना. मी रहस्यकथेचंसुद्धा शेवटचं पान आधी वाचते.”

“वाईट खोड आहे,” अक्का म्हणाल्या. “पण या वेळी देवानेच ती तुला लावली असेल.”

खाली फाटकावर पहारेकऱ्याची वही होती. रविवारी आत आलेली माणसं चारच: डबेभाऊ, स्कॅनरवाली, संचालक, आणि बाराला संचालकांना भेटायला आलेला निर्मात्याचा नातू. नातू पाऊण वाजता गेला. संचालक चारला.

नातू त्याच दिवशी सभागृहात खुर्च्या मोजायला आलेला सापडला. चाळिशीचा, मोठ्या आवाजाचा माणूस.

“मावशी, मला ठाऊक आहे लोक काय म्हणतात. आजोबांनी गोड शेवट केला, त्यावर घराण्याचं नाव झालं, आता नातवाला मूळ शेवट नकोय. असंच ना?”

“असंच म्हणतात खरं.”

“मग ऐका. त्या सिनेमातली नायिका माझी आजी. आजोबांनी तिला न विचारता शेवट कापला. तिने स्वतः केलेला शेवट पडद्यावर कधी पाहिलाच नाही. ती आता त्र्याऐंशीची आहे. मी तिला म्हटलंय, शुक्रवारी दाखवतो. आता तुम्हीच सांगा, मी तो चोरून काय करू? उशाला घेऊ?”

“रविवारी तुम्ही डबे पाहिलेत?”

“साहेबांना म्हटलं, दाखवा तरी. त्यांनी खोलीच्या दारातूनच दाखवले. सगळे सारखेच दिसतात हो! मी म्हटलं, यातला शेवट कुठला? ते म्हणाले, तो तिकडचा. मग मीच जरा डिवचलं त्यांना. म्हटलं, तुम्ही लेखात लिहिलंय आजी मागे वळून बघते. आजीला विचारलं तर नुसती हसते. ती वळली नसेल तर शुक्रवारी चारशे लोकांसमोर काय कराल?”

“मग ते काय म्हणाले?”

“काही नाही. पण चेहरा उतरला बिचाऱ्याचा.”

अक्कांनी मान हलवली. काही गोष्टी कळू नयेत असं वाटत असतानाच कळतात.

५

माणूस फिल्म पळवतो तो विकायला, जाळायला किंवा लपवायला. विकणाऱ्याला एकट्या दहाव्या भागाचा उपयोग नव्हता. जाळणारा कोऱ्या गुंडाळीचं वजन जुळवत बसला नसता. उरलं लपवणं. आणि लपवलेली फिल्म आंबट वास सोडतच राहते. तिच्या तोंडाला कोण हात लावणार?

अक्कांनी स्कॅनरवालीकडून कोऱ्या निळ्या चिठ्ठ्या मागून घेतल्या. प्रत्येकीवर पेन्सिलीने जागा लिहिली. थंड कोठीत चिठ्ठीचा रंग बदलायला पंधरा दिवस लागतात, पण खोलीच्या उबेत एक दिवस पुरतो. एक चिठ्ठी स्कॅनरच्या खोलीतल्या कपाटात ठेवली. एक जिन्याखालच्या अडगळीत, एक पहारेकऱ्याच्या पेटीत, एक सभागृहामागच्या खोलीत.

“माझ्या पेटीत डबाच आहे, पण पोळीभाजीचा,” पहारेकरी म्हणाला.

“भाजी आंबली असेल तर तेही कळेल,” अक्का म्हणाल्या.

शेवटची चिठ्ठी घेऊन त्या संचालकांच्या खोलीत निरोप घ्यायला गेल्या. संचालक फोन घ्यायला खिडकीशी गेले, तेवढ्यात काचेच्या कपाटाच्या फटीतून ती निळी चिठ्ठी अलगद आत सरकली आणि जुन्या कॅमेऱ्याच्या मागे पडली.

“काही सापडलं, अक्का?”

“उद्या सांगते.”

त्या रात्री अक्कांनी देवापुढे हात जोडले, तेव्हा मागणं एकच होतं. शेवटची चिठ्ठी निळीच राहू दे.

६

बुधवारी दुपारी अक्का चिठ्ठ्या गोळा करत फिरल्या. अडगळ निळी. स्कॅनरची खोली निळी. सभागृह निळं. पहारेकऱ्याची पेटीही निळी, त्याने ते तिघांना सांगितलं.

मग त्या संचालकांच्या खोलीत गेल्या आणि आतून दार लोटलं.

“कपाट उघड,” त्या म्हणाल्या.

संचालकांनी किल्ली काढायला वेळ लावला. कॅमेऱ्याच्या मागे पडलेली चिठ्ठी अक्कांनी दोन बोटांत धरून वर केली. हिरवी होती, कडेने पिवळी.

संचालक खुर्चीत बसले. अक्काही बसल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता.

“मी सांगू, का तू सांगतोस?”

त्यांनी कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.

“मग ऐक. दहाव्या डब्याच्या कार्डावरचा शिक्का पसरलाय. म्हणजे डबा थंड असतानाच उघडला गेला, आत घाम धरला. रविवारी, विसावा न देता. डबेभाऊ हे करणार नाही. तो घरी पाहुणा आला तरी त्याला आधी बाहेरच्या खोलीत बसवतो. नातवाला शेवटच्या भागाचा डबाही ओळखता येत नव्हता. त्याला वजन जुळवायचं कुठून सुचणार? पोरीचं म्हणशील, तर सोमवारी डबा तीच उघडणार होती. तिच्या हातून चूक झाली असती तर ती म्हणाली असती, फिल्म जुनी होती, उघडली तेव्हाच चिकटलेली निघाली. तिला कोरी गुंडाळी ठेवायचं कारण काय? कोरी गुंडाळी त्याला लागते, जो डबा उघडताना समोर नसणार. ज्याला माहीत आहे की डबेभाऊच्या हाताला पावशेराचा फरक कळतो. आणि ज्याने पोरीला बजावून ठेवलंय, एकपासून घे, रोज तीन. म्हणजे दहावा गुरुवारी येईल.”

“अक्का...”

“आणि हे.” त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा टेबलावर ठेवला. “टोक दोनदा दुमडून कान. हातमोजे घातलेल्या बोटांना धरता यावा म्हणून. हे कुठल्या पुस्तकात नाही. हे मी काढलं आणि सात जणांना शिकवलं. मला वाटलं, माझ्याच हातची जुनी गुंडाळी असेल. पण प्लॅस्टिक मागच्या वर्षीचं आहे. मला जाऊन सहा वर्षं झाली.”

संचालकांनी चेहरा ओंजळीत धरला.

“फक्त शेवटचं एक मिनिट बघायचं होतं. ती वळते की नाही, एवढंच. आपल्याकडे फिल्म शेपूट बाहेर ठेवून गुंडाळतात ना, म्हणजे शेवट सगळ्यात वर. मला वाटलं, वरचे चार वेढे, काय होतंय. चारशे लोकांना मी लिहून कळवलं होतं, अक्का.”

“मग?”

“शेवटाकडून उलटं बघत होतो, आधी रस्ता आला, ती पाठमोरी. मग दार जवळ आलं. आणि वेढा चिकटला. मी ओढला.” त्यांनी स्वतःच्या बोटांकडे बघितलं. “तुम्ही शिकवलेलं सगळं माहीत असून ओढला.”

“दिसलं का? वळली का ती?”

“नाही. नेमकं तिथेच सोललं.”

संचालकांनी काचेच्या कपाटाकडे बघितलं.

“तीन दिवसांत माझा मी सोडवीन, पुन्हा डब्यात ठेवीन, असं ठरवलं होतं. सोमवारी ती पोर दहाव्यापासून सुरू करेल हे काय ठाऊक!”

अक्का उठल्या. काचेच्या कपाटातला मधला डबा त्यांनी उचलला. तो जड होता. झाकण किंचित कललेलं, वाऱ्याला जागा ठेवलेली. ओली फिल्म पिशवीत कोंडली तर मरते. हेही त्यांनीच शिकवलेलं. बाकी सगळं विसरला तरी त्याने फिल्म मारली नव्हती.

“चूक हाताने झाली,” अक्का म्हणाल्या. “हात कोणाचाही चुकतो. पण सोमवारी दुपारी दोन वाजता तू त्याच्याकडून किल्ली मागितलीस ना, ती चूक नव्हे. कुंपणानेच शेत खाल्लं, आणि वर राखणदाराला घरी बसवलं.”

“मी राजीनामा लिहितो.”

“ते तू आणि तुझी समिती बघा. मला दोनच गोष्टी हव्यात. ही फिल्म आज, आत्ता, प्रयोगशाळेत जाईल. आणि जे मला सांगितलंस ते तू तुझ्या तोंडाने सगळ्यांना सांगशील. मी सांगायच्या आधी.”

७

प्रयोगशाळेतल्या माणसांनी आठ दिवस खपून वेढे सोडवले. सगळी फिल्म वाचली. फक्त शेवटाकडची चार सेकंदं गेली. समितीतल्या कोणीतरी सुचवलं, हल्ली कॉम्प्युटरने चेहरा भरून देता येतो, कोणाला कळणारही नाही. अक्का म्हणाल्या, “एका माणसाने शेवट बदलला म्हणून आपण ही प्रत पन्नास वर्षं जपली. आता आपणही बदलायचा?” समितीने ती सूचना मागे घेतली.

शुक्रवारी सभागृह भरलं. संचालक मंचावर आले. हातात कागद नव्हता. डबा कोणी उघडला, का उघडला, आणि कोणावर आळ येऊ दिला, हे त्यांनी तीन मिनिटांत सांगितलं. मग खाली उतरून ते पहिल्या रांगेत डबेभाऊंसमोर गेले आणि कोठीची किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

“आजच्या दिवस तुमचीच,” ते म्हणाले.

डबेभाऊंनी किल्ली खिशात टाकली, वरून चाचपली. बायकोने बाजूने हळूच विचारलं, “आता तरी साखरेचा डबा खाली काढाल का?”

“सिनेमा बघू दे गं. पहिल्यांदा बघतोय.”

त्यांच्या दुसऱ्या बाजूला नातवाने आपल्या आजीला आणून बसवलं होतं. म्हातारी काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसली होती. सिनेमा सुरू झाला. अक्का मागच्या रांगेतून पडदा कमी आणि भावाचं डोकं जास्त बघत होत्या. मधेच ते हसले, मधेच त्यांनी चष्मा पुसला.

शेवट आला. दार. ती दारात आली, उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं, खांदा जरासा हलला, आणि पडद्यावर चेहऱ्याच्या जागी पांढरट डाग पसरला. एक, दोन, तीन, चार. डाग सरला तेव्हा ती रस्त्यावर होती, पाठमोरी, लांब जात असलेली.

दिवे लागले.

“तुमचा चेहरा गेला हो, आजी,” डबेभाऊ म्हणाले. “एकतीस वर्षं सांभाळला आणि शेवटी गेला.”

म्हातारी त्यांच्याकडे वळली. “जाऊ द्या. तेवढं मला पाठ आहे.”

“मग सांगून टाक ना एकदा!” नातू म्हणाला. “वळली होतीस का?”

आजूबाजूच्या रांगा पुढे झुकल्या. संचालकही. म्हातारी उठली, नातवाचा हात बाजूला करून काठी टेकत एकटी मधल्या वाटेने चालत गेली. सभागृहाच्या दाराशी पोचली. चारशे माणसं तिच्या पाठीकडे बघत होती. दारात ती थांबली.

मग वळली.

“डबेवाले,” तिने हाक मारली, “माझं दार नीट जागेवर ठेवा हो.”

आणि निघून गेली. आता हे तेव्हाचं उत्तर समजायचं की आजचं, यावर लोक सभागृहाबाहेर पुन्हा भांडायला लागले.

डबेभाऊ तिथे थांबले नाहीत. दहा डबे एकेक करून त्यांनी स्वतः खाली नेले आणि फडताळात लावले. नोंदवही उघडून पेन्सिलीला टोक केलं. अक्का दाराशी उभ्या राहून बघत होत्या.

‘डबा क्रमांक दहा,’ त्यांनी लिहिलं. ‘जागेवर. शेपटाकडे चार सेकंद जखम. बाकी सगळं मूळचं.’

सही केली, कोठी लावली, आणि किल्ली बहिणीच्या हातात दिली. “तू दे साहेबांना. माझ्या हाताने नको.”

“का रे? अजून राग?”

“राग नाही गं.” डबेभाऊंनी रिकाम्या खिशात हात घातला. “त्यांनी घेताना माझ्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. तू देताना त्यांच्या डोळ्यांत बघ, म्हणजे झालं.”